रात्री दोन वाजता मजल्यावर कोण असतं?

चेन्नईत आई-वडिलांसाठी केअर होम बघायला निघालेल्या कुटुंबाची भेट बहुतेकदा सकाळी अकराच्या सुमाराला ठरते. पेरुंगुडी, नीलांकरै, अरुंबाक्कम, पल्लावरम अशा भागांत गेल्या काही वर्षांत अशी बरीच केंद्रं उभी राहिली आहेत. मॅनेजर दारात स्वागताला येतात. स्वच्छ फरशी, भिंतीला लावलेले धरायचे दांडे, फिजिओथेरपीची खोली, गच्चीवरची बाग, आठवड्याच्या जेवणाचा तक्ता, देवाचा कोनाडा, सगळं नीट दाखवलं जातं. त्या वेळेला आंघोळी उरकलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, डॉक्टरांची फेरी चालू असते आणि दिवसपाळीची सगळी माणसं हजर असतात. मुलगा किंवा सून बंगळुरूहून, पुण्याहून, कधी न्यू जर्सीहून दोन दिवसांच्या सवडीने आलेली असते. तासाभरात निर्णय होतो, अनामत रक्कम भरली जाते.

या भेटीत जे दिसतं ते खोटं नसतं. फक्त शुश्रूषेची खरी कसोटी ज्या वेळी आणि ज्या जागी लागते, तिथे पाहुण्याची नजर पोहोचत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची टाच, सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं वजन, संध्याकाळी दिली जाणारी गोळी आणि रात्री दोन वाजता मजल्यावर जागी असलेली माणसं या चार गोष्टींवरून केंद्र कसं चालतं हे जेवढं कळतं, तेवढं ते माहितीपत्रकाच्या शंभर पानांवरून कळणार नाही. शिवाय या गोष्टी मोजता येतात. त्या मोजल्या जाव्यात आणि मोजून आलेले आकडे सरकारने लोकांसमोर ठेवावेत, ही मागणी आता जोराने करायला हवी. चेन्नईत ती सगळ्यांत आधी होऊ शकते, आणि महाराष्ट्राला तिची गरज तितकीच आहे.

चेन्नईच का, याला कारणं आहेत. 2011 च्या जनगणनेत तमिळनाडूत साठीपुढच्या लोकांचं प्रमाण 10.4 टक्के होतं, देशाचं 8.6 आणि महाराष्ट्राचं 9.9. सरकारी अंदाजानुसार 2031 मध्ये तमिळनाडूत हे प्रमाण 18.2 टक्क्यांवर जाईल. मोठ्या राज्यांत केरळनंतर तमिळनाडूचाच क्रमांक लागतो. ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या आयटी कंपन्यांनी इथे बाहेरून माणसं आणली आणि इथली माणसं परदेशी पाठवली. घरात दोघंच उरलेल्या जोडप्यांतला एक जण गेला की दुसऱ्याचं काय, हा प्रश्न मैलापूर किंवा अड्यारच्या फ्लॅटमध्ये जसा उभा राहतो, तसाच कोथरूड आणि दादरमध्येही राहतो.

या शहराकडे म्हातारपणाच्या वैद्यकाची मोठी पुंजी आहे. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 मध्ये मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. भारतात तेव्हा वृद्धांचं वैद्यक ही वेगळी शाखा आहे हेच मान्य नव्हतं. पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयात एम.डी.चा अभ्यासक्रम सुरू झाला, तो देशातला पहिला. नटराजन यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. सारदा मेनन यांनी 1984 मध्ये उभारलेली ‘स्कार्फ’ ही संस्था आज स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीही काम करते. गिंडीतल्या किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात 200 खाटांचं राष्ट्रीय वार्धक्य केंद्र फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालं.

दानधर्माची परंपरा तर त्याहून जुनी आहे. 1782 च्या सुमाराला, हैदर अलीशी चाललेल्या लढाईत आणि दुष्काळात उपाशी माणसं मद्रासच्या वेशीवर येऊन पडू लागली, तेव्हा रायपुरमजवळ कंजी, म्हणजे तांदळाची पेज, वाटायला ‘मणिगार छत्रम’ सुरू झालं. त्याच्याच शेजारी वाढलेल्या दवाखान्याचं पुढे स्टॅनली हॉस्पिटल झालं. जुने चेन्नईकर त्याला अजून ‘कंजी तोट्टी आस्पत्री’ म्हणतात. छत्रात आजही निराधार वृद्ध राहतात. सावित्री वैती यांनी 1978 मध्ये निराधार वृद्ध स्त्रियांसाठी ‘विश्रांती’ सुरू केलं. म्हणजे या शहरात विद्या आहे आणि करुणाही आहे. दोन केंद्रं शेजारी-शेजारी ठेवून त्यातलं कुठलं चांगलं, हे सामान्य माणसाला कळेल अशी मोजपट्टी मात्र इथेही नाही.

ती कशी असावी याचा विचार जगात साठ वर्षांपूर्वीच झाला. एव्हेडिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी 1966 मध्ये वैद्यकीय सेवेच्या दर्जाची तीन अंगं मांडली: साधनं, पद्धत आणि परिणाम. इमारत, खाटा, यंत्रं, कर्मचारी ही साधनं. कोण, कधी, काय करतं ही पद्धत. आणि त्या सगळ्यातून माणसाचं काय झालं, हा परिणाम. आपल्याकडे केंद्र निवडताना कुटुंबं पहिल्यावर थांबतात. सरकारी तपासणीही बहुतेकदा तिथेच थांबते: खोलीचं क्षेत्रफळ, स्वच्छतागृहांची संख्या, अग्निशमन दाखला. हे सगळं लागतंच. पण उत्तम गादीवर झोपलेल्या माणसाच्या पाठीला जखम होऊ शकते, आणि साध्या लोखंडी खाटेवरच्या माणसाची कातडी वर्षानुवर्षं धड राहू शकते. फरक कूस बदलणाऱ्या हातांमुळे पडतो.

बेडसोर ही या मोजपट्टीतली पहिली खूण. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 मध्येच लिहून ठेवलं होतं की रुग्णाला अशी जखम झाली तर दोष बहुतेकदा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो. पुढे 1962 मध्ये डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून कोणाला जखमेचा धोका किती, हे पाच प्रश्नांत ठरवणारी गुणपद्धती तयार केली. कागद, पेन आणि पाच मिनिटं एवढंच तिला लागतं. जखम माकडहाडावर, नितंबाच्या बाजूला किंवा टाचेवर सुरू होते. गोऱ्या कातडीवर बोटाने दाबलं तरी न जाणारी लाली दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर ती दिसतेच असं नाही. म्हणून हात लावून बघावं लागतं. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते, कधी घट्ट, कधी लिबलिबीत. चेन्नईच्या दमट उकाड्यात, ओल्या डायपरमध्ये तासन् तास पडलेल्या माणसाची कातडी आणखी लवकर हार मानते. आजींना भेटायला गेलेल्या मुलीने पायावरचं पांघरूण बाजूला करून टाच हातात घेतली, तर तिला केंद्राची रात्रपाळी कशी चालते ते समजेल.

रात्रीचा साधा हिशेब मांडून बघावा. तीस माणसांच्या केंद्रात बारा जण अंथरुणाला खिळलेले आहेत असं धरू. दर दोन तासांनी कूस बदलायची तर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात प्रत्येकाची चार वेळा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस वेळा कूस बदलावी लागेल. माणूस न ओढता, उचलून वळवायचा, डायपर बघायचा, चादर सरळ करायची, हात धुवायचे, चार्टवर लिहायचं. या सगळ्याला दोघांना मिळून दहा मिनिटं तरी लागतात. अठ्ठेचाळीस गुणिले दहा म्हणजे चारशे ऐंशी मिनिटं, बरोबर आठ तास. म्हणजे दोन माणसांची आख्खी रात्र यातच गेली. उरलेल्या अठरा जणांपैकी कोणी बाथरूमला उठलं, कोणाला दम लागला, कोणी घाबरून ओरडलं, तर तिसरं माणूस लागणारच. अशा केंद्रात रात्री एकच आया असेल, तर कूस बदलल्याच्या चार्टवरच्या सह्या कधी आणि कशा होतात हे विचारण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. दिवसा किती कर्मचारी असतात हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. रात्री किती, त्यात प्रशिक्षित नर्स किती आणि रविवारी किती, हे विचारणारे फार थोडे.

दुसरी खूण म्हणजे वजन. दर महिन्याला वजन घेणं हे कोणत्याही केंद्राला जमण्यासारखं आहे. महिन्याभरात वजन पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं, तर ते दखल घेण्याजोगं मानतात. पंचेचाळीस किलोच्या आजीचे महिन्यात सव्वादोन किलो कमी झाले तर म्हातारपण आहे, चालायचंच, असं म्हणून सोडून देता येत नाही. कवळी सैल झाली असेल, तोंड आलं असेल, औषधाने भूक मेली असेल, किंवा भरवायला कोणाला वेळच नसेल.

जेवणाची वेळ म्हणून जवळून बघावी. दुपारी साडेबाराला ताटं येतात. रसमभात, भाजी, शेवटी दहीभात. ज्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही त्यांच्याजवळ आया चमचा घेऊन बसते. ती बसते की उभ्यानेच भरवते, इथपासून फरक सुरू होतो. उभ्याने भरवलं की म्हाताऱ्या माणसाची मान वर जाते आणि घास चुकीच्या नळीत जाण्याचा धोका वाढतो. आधीचा घास गिळला गेला का हे बघून पुढचा चमचा उचलला जातो, की चार जण अजून बाकी आहेत म्हणून घाई होते? गिळायला त्रास असलेल्या माणसाला सावकाश भरवायला अर्धा तास सहज लागतो. असे सहा जण आणि एकच आया असेल तर शेवटच्याचं जेवण गार होतं, नाहीतर अर्धवट राहतं, नाहीतर कालांतराने नाकात नळी येते. नळी कधी कधी अपरिहार्य असते. पण केंद्रात नळीवर असलेल्या माणसांची संख्या वाढत असेल, तर त्यामागे आजार किती आणि मनुष्यबळाची टंचाई किती, हे डॉक्टरांनी सांगायला हवं.

तिसरी खूण गोळ्यांची. स्मृतिभ्रंश झालेली माणसं संध्याकाळ झाली की अस्वस्थ होतात, घरी जायचं म्हणतात, दार ठोठावतात. त्यांच्याशी बोलायला, त्यांना हाताला धरून फिरवायला माणूस लागतं. माणूस नसलं की गुंगीची गोळी येते. मानसिक आजारांवरची काही औषधं स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांना दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला होता. भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे जवळपास 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा ‘लासी’ या देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज आहे. हे औषध कोणी लिहून दिलं, कशासाठी, किती दिवसांसाठी आणि कुटुंबाला विचारलं होतं का, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक केंद्राच्या नोंदीत असल्याच पाहिजेत.

पडण्याच्या घटनांची नोंद ही चौथी खूण, पण ती एकटी बघण्यात धोका आहे. एखाद्या केंद्रात वर्षभरात कोणीच पडलं नाही हे ऐकून बरं वाटतं. खुर्चीला ओढणीने बांधून ठेवलेली माणसंही पडत नाहीत. म्हणून पडण्याचा आकडा विचारताना बांधून ठेवण्याचा आकडा सोबत विचारावा लागतो.

यात चेन्नईचे म्हणून काही प्रश्न आहेत. डिसेंबर 2015 चा पूर आणि डिसेंबर 2023 चं मिचाँग चक्रीवादळ या दोन्ही वेळी शहराचे कित्येक भाग पाण्यात आणि अंधारात राहिले. दुसऱ्या वेळी वेळचेरी, पळ्ळीकरणै या दक्षिणेकडच्या वस्त्यांना मोठा फटका बसला, आणि नवी केंद्रं बरीचशी याच पट्ट्यात आहेत. ऑक्सिजनचं यंत्र, हवेची गादी, लिफ्ट हे सगळं विजेवर चालतं. जनरेटर तळघरात आहे की उंचावर, त्याला डिझेल किती तासांचं आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला लिफ्ट बंद असताना खाली कसं आणणार, याचं उत्तर तयार हवं. 2019 च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ आटले आणि शहर टँकरवर जगलं. पाण्याची काटकसर सुरू झाली की पहिली गदा अंथरुणावरच्या माणसाच्या आंघोळीवर येते.

आणि भाषा. नोकरीनिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या मुलाकडे आलेले मराठी आई-वडील इथल्या केंद्रात राहायला गेले, की त्यांच्या भोवतीचं जग तमिळ बोलतं. आयांमध्ये तमिळनाडूच्या खेड्यांतल्या बायका असतात, ईशान्येकडच्या आणि ओडिशा-झारखंडच्या मुली असतात. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेल्या भाषा अनेकदा आधी निसटतात. आयुष्यभर ऑफिसात इंग्रजी आणि बाजारात हिंदी बोललेले आजोबा शेवटी फक्त मराठीत पाणी मागतात, मराठीतच दुखतंय म्हणतात. समोरच्याला ते कळलं नाही की त्यांची नोंद ‘रुग्ण आक्रमक झाला’ अशी होते. चांगलं केंद्र कुटुंबाकडून वीस-पंचवीस शब्द लिहून घेतं, ते तमिळ लिपीत खाटेजवळ लावतं आणि पाळी बदलताना नव्या माणसाला वाचून दाखवतं. याला पैसा लागत नाही. कोणीतरी ठरवावं लागतं.

ही सगळी चौकशी कुटुंबांनी करावीच. पण ती त्यांच्या एकट्यावर सोडणं अन्यायाचं आहे. गुरुग्राममध्ये राहणारी मुलगी दर आठवड्याला टाच बघायला येऊ शकत नाही. ज्यांना मूलच नाही, किंवा मुलांनी पाठ फिरवली आहे, त्यांच्यासाठी तर विचारणारं कोणीच नसतं. आणि पैसे भरून आईला ठेवलेल्या कुटुंबाला तक्रार करायची भीती वाटते. राग आईवर निघाला तर, ही ती भीती. म्हणून विचारण्याचं काम सरकारचं आहे.

ते झालं नाही की काय होतं, हे तमिळनाडूने 2023 मध्ये पाहिलं. विळुप्पुरम जिल्ह्यातल्या कुंडलपुलियूर गावातल्या एका आश्रमात ठेवलेल्या वृद्धाचा पत्ता लागेना, म्हणून मद्रास उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका दाखल झाली. त्यानंतर फेब्रुवारीत अधिकारी आत गेले, तेव्हा 140 हून अधिक माणसं तिथे सापडली आणि आश्रमाकडे चालवण्याचा वैध परवाना नसल्याचं पुढे आलं. छळाचे गंभीर आरोप झाले, तपास सीबी-सीआयडीकडे गेला, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. दरवाजा उघडायला एका नातेवाइकाचा आग्रह आणि उच्च न्यायालय लागलं. नियमित तपासणीने ते काम कितीतरी आधी व्हायला हवं होतं.

कायद्यातली फट इथे स्पष्ट दिसते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा 2007 मध्ये झाला. त्याच्या 19 व्या कलमात राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम उभारू शकेल, आणि वृद्धाश्रमांतल्या सेवांचे निकष ठरवू शकेल, असं म्हटलं आहे. ‘शकेल’ असल्यामुळे बंधन आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2018 रोजी डॉ. अश्विनीकुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना देशात जिल्हावार किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती गोळा करायला केंद्र सरकारला सांगितलं. म्हणजे तोवर साधी मोजदादही नीट नव्हती. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष सक्तीचे करण्याची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा मंजुरीविनाच संपलं. दवाखान्यांसाठी तमिळनाडूचा 1997 चा कायदा आहे, महाराष्ट्राचा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा 1949 पासून आहे. पण जिथे आजारी, परावलंबी माणूस उपचारासाठी चार दिवस न येता आयुष्याच्या शेवटापर्यंत राहायला येतो, ती जागा आरोग्य खातं आणि समाजकल्याण खातं यांच्या मधोमध पडते. दोन्ही खात्यांचे अधिकारी दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतात.

ज्या देशांनी मोजायला सुरुवात केली त्यांच्या चुकाही आपल्या उपयोगाच्या आहेत. अमेरिकेने 1987 मध्ये नर्सिंग होम सुधारणेचा कायदा केला आणि 2008 अखेरीस प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देण्याची पद्धत आणली. सुरुवातीला तारे ज्या माहितीवर ठरत तिच्यातली बरीचशी नर्सिंग होमनी स्वतःच भरलेली असे. नंतर सरकारने कर्मचाऱ्यांची संख्या थेट पगारपत्रकावरून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा शनिवार-रविवारी माणसं किती कमी होतात ते उघड झालं. गुंगीच्या औषधांचा आकडा लपवण्यासाठी वृद्धांच्या नावापुढे स्किझोफ्रेनियाचं निदान लिहिलं जात असल्याची शंका आली, तेव्हा जानेवारी 2023 मध्ये त्याच्या खास तपासण्या जाहीर कराव्या लागल्या. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये शाही चौकशी आयोग नेमला. मार्च 2021 मध्ये आलेल्या त्याच्या अंतिम अहवालात 148 शिफारशी होत्या. तिथे 2019 पासून प्रत्येक केंद्राला बेडसोर, बांधून ठेवणं आणि नकळत उतरलेलं वजन यांचे आकडे सरकारला द्यावे लागतात; 2021 पासून पडण्याचे आणि औषधांचेही. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला सरासरी 215 मिनिटांची शुश्रूषा सक्तीची आहे. यातून घेण्याचा धडा सरळ आहे: आकडे केंद्राकडून मागवावेत, पण पडताळणी बाहेरच्याने करावी, आणि तीही न कळवता येऊन.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. निकष कडक केले तर दानावर चालणारी लहान केंद्रं बंद पडतील आणि तिथली माणसं रस्त्यावर येतील. म्हणून इमारतीच्या अटी पहिल्या दिवसापासून लादू नयेत. पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या आश्रमालाही वजनकाटा परवडतो, नोंदवही परवडते, कूस बदलण्याची वेळ लिहिता येते. ज्यांना माणसं परवडत नाहीत त्यांना सरकारने मनुष्यबळासाठी अनुदान द्यावं. ते पुढाऱ्यांच्या हस्ते वाटल्या जाणाऱ्या चादरींपेक्षा जास्त उपयोगी पडेल. पैसे घेऊन चालणाऱ्या केंद्रांना मात्र ही सबब देता येणार नाही.

दुसरा मुद्दा आयांचा. बारा-बारा तासांच्या पाळ्या, तुटपुंजा पगार, पाठीचं दुखणं आणि कोणताही दाखला नसलेलं काम यामुळे माणसं टिकत नाहीत. दर दोन महिन्यांनी आया बदलत असेल, तर आजोबा डाव्या कुशीवर झोपले की खोकतात हे लक्षात ठेवणारं कोणी राहत नाही. वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले हा आकडा म्हणून शुश्रूषेच्या दर्जाचाच आकडा आहे. दिवसभर अनोळखी माणसाची लघवी-संडास काढणाऱ्या, त्याला आजोबा म्हणून हाक मारणाऱ्या या बायकांना प्रशिक्षण, दाखला आणि पाठ टेकायला जागा देणं हा म्हाताऱ्यांच्या हक्काचाच भाग आहे.

तेव्हा मागणी अशी. प्रत्येक केंद्राने दर तीन महिन्यांनी सात आकडे द्यावेत: रात्रपाळीत दर दहा रहिवाशांमागे किती माणसं, केंद्रात आल्यानंतर किती जणांना बेडसोर झाला, किती जणांचं वजन धोक्याइतकं उतरलं, किती जण पडले, किती जणांना बांधलं, किती जणांना गुंगीची औषधं चालू आहेत आणि किती कर्मचारी सोडून गेले. जास्त आजारी माणसं सांभाळणाऱ्या केंद्रावर अन्याय होऊ नये म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांची संख्या त्याच तक्त्यात असावी. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तो तक्ता स्थानिक भाषेत लागावा. वर्षातून दोनदा, त्यातली एक रात्री, न कळवता तपासणी व्हावी, आणि पथकात अधिकाऱ्याबरोबर एक अनुभवी नर्स असावी. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन प्रत्येक खोलीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी, आणि फोन रहिवाशाच्या हाताला लागेल असा असावा.

यासाठी संसदेत नव्या विधेयकाची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. 2007 च्या कायद्याखाली तमिळनाडूने 2009 मध्ये आणि महाराष्ट्राने 2010 मध्ये आपापले नियम केले आहेत. 19 व्या कलमाचा आधार घेऊन त्यांत भर घालता येईल. चेन्नईत गिंडीच्या वार्धक्य केंद्राकडे तपासनिसांचं प्रशिक्षण सोपवता येईल. पुण्या-मुंबईतही वृद्धांचं वैद्यक जाणणारे डॉक्टर आणि अनुभवी परिचारिका आहेत. सुरुवात एका महापालिकेच्या हद्दीतल्या, पैसे घेऊन चालणाऱ्या केंद्रांपासून करावी. पहिल्या वर्षी आकडे सदोष येतील, काही केंद्रं ते लपवतील, काही प्रामाणिक केंद्रं इतरांपेक्षा वाईट दिसतील. दुसऱ्या वर्षी तपासणी पथकाने वहीतली नोंद आणि माणसाची टाच शेजारी-शेजारी पाहिली की त्यात सुधारणा होऊ लागेल. चेन्नई आणि मुंबईच्या मंत्रालयांत समाजकल्याण आणि आरोग्य या दोन खात्यांच्या सचिवांनी एका टेबलाशी बसून या तक्त्याचा मसुदा करावा, आणि तो हरकतींसाठी लोकांपुढे ठेवावा.